‘अवजल’ म्हणजे नेमकं कोणतं पाणी?

घोडबंदरकर: सोसायटीसाठी पाण्यावर माहितीपत्रक करतेय. त्यात लिहिलं, ‘भातसा धरणाचं अवजल नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे उचललं जातं.’ शेजारचे निवृत्त इंजिनिअर काका म्हणाले, अवजल फक्त वीजनिर्मितीनंतरचं, पिण्यासाठी सोडलेलं नव्हे. मग धरणातलं पाणी नदीवाटे खाली आणून उचलतात, त्याला एक शब्द काय?

चिपळूणवाला: काका बरोबर आहेत. आमच्याकडे अवजल म्हणजे कोयनेचं. पोफळी-कोळकेवाडीला वीज झाली की वाशिष्ठीत सुटतं ते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) दिलेलं पाणी! त्याला ‘अव’ लावून हिणवलेलं मला लहानपणापासून खटकतं.

वाशीचे मास्तर: हिणवलेलं नाही. अवतरण, अवरोहण यांतला ‘अव’ खाली येणं दाखवतो. अवजल म्हणजे खाली उतरलेलं पाणी.

चिपळूणवाला: मग अवगुण, अवकळा, अवदसा? लोकांच्या कानाला हेच शब्द आधी आठवतात.

कळवेकर: भातसाच्या पायथ्याशीही वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी काकांच्या व्याख्येतही अवजलच ठरेल ना?

घोडबंदरकर: हे काकांना विचारते. पण मध्य वैतरणा धरणाचं पाणी नदीतूनच मोडकसागर धरणात येतं, बारवी धरणाचं नदीत सोडून जांभूळला उचलतात. या सगळ्यांना चालेल असा शब्द हवाय.

वाशीचे मास्तर: नदीवहन.

मुरबाडचा: मास्तर, हे कुणी बोलणार नाही. आम्ही ‘पाणी सोडलं’ म्हणतो. बातमीत मात्र ‘विसर्ग’ येतो. माझ्या मुलीने विचारलं, बाबा, विसर्ग म्हणजे ते दोन टिंब ना?

वाशीचे मास्तर: दोन्हींचं मूळ एकच, सोडणं. शब्द अवघड वाटला म्हणून टाकत गेलो तर तिच्या पिढीकडे काय उरेल?

नेरळची लेक: माझ्या माहेरी उल्हासच्या काठावर एकच शब्द होता, ‘टाटाचं पाणी’. भिवपुरीला वीज झाली की नदी भर उन्हाळ्यात चढायची. आई धुणं घेऊन निघायच्या आधी शेजारी विचारायची, टाटाचं आलं का? अवजल हा शब्द मी ठाण्यात आल्यावर वाचला.

ऐरोलीकर: ते पाणी मुळात ठोकरवाडी धरणाचं, आंद्रा नदीचं. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवरचं पाणी घाट उतरून आपल्याकडे येतं. इथे ‘सोडलं’ पुरत नाही, ‘वळवलं’च म्हणायला हवं. खोरं बदललंय. भातसाचं पाणी आपल्याच नदीतून येतं, ते वळवलेलं नाही.

घोडबंदरकर: हा फरक मी पत्रकात घालतेच. भातसासाठी?

मुरबाडचा: ‘नदीचा पाट केला’ लिहा. सरकारी कालव्यालाही आम्ही पाटच म्हणतो.

वाशीचे मास्तर: पाट माणसाने खणलेला असतो. नदीला पात्र असतं.

मुरबाडचा: पाट आणि पात्र एकाच मुळातले असणार.

वाशीचे मास्तर: अजिबात नाही. पाट ‘पट्ट’वरून, पात्र ‘पा’ म्हणजे पिणे या धातूवरून.

चिपळूणवाला: मग बसायचा पाट? तो कशावरून?