डिस्कवरची जागा 'रिकामी' की 'मोकळी'?

अर्धविराम
डिस्क साफ करणाऱ्या एका प्रोग्रॅमचं मराठीकरण करतोय. बाकी सगळं झालं, एका पडद्यावर अडलंय. तिथं चार ओळी आहेत: एकूण जागा, वापरलेली जागा, 'फ्री' आणि 'अव्हेलेबल'. शेवटच्या दोघांचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे दोन्हीकडे एकच शब्द टाकून सुटका नाही. मी 'मोकळी' आणि 'उपलब्ध' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'मोकळी' खोडून 'रिकामी' केलं, वर शेरा मारला की मोकळी जागा म्हणजे मैदान. बटणावर 'जागा मोकळी करा' होतं, तिथं आता 'जागा रिक्त करा' आलंय. तुम्ही काय लिहाल?

टिंब
'रिकाम्या जागा' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लगेच 'भरा' येतं, आणि उजवीकडे कंसात गुण. 'रिक्त जागा' म्हणजे नोकरभरती. 'जागा रिक्त करा' म्हणजे राजीनामा द्या.

रफार
विनोद राहू द्या. तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. डिस्क 'भरते' असंच आपण सगळे म्हणतो ना? मग भरलेलीच्या उलट रिकामी. मोकळं हे बांधलेल्याच्या किंवा अडकलेल्याच्या उलट. केस मोकळे सोडतात, गुरं मोकळी सोडतात. डिस्कला कुणी दावं बांधलंय? बाकी 'प्रोग्रॅम' आणि 'डिस्क' हे शब्द तसेच ठेवून 'फ्री'वर एवढा खल चाललाय याची गंमत वाटते. आज्ञावली आणि तबकडी म्हणायला काय हरकत आहे?

बाइटभर
एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये, तबकडी नसते. चिपा असतात.

विरुद्धार्थाचा मुद्दा पटला, पण तो तुमच्याच विरुद्ध जातोय. फाइल डिलीट केली म्हणून तिची जागा रिकामी होत नाही. जुना मजकूर तिथंच पडून असतो. फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, फक्त नोंद बदलते, की हे ब्लॉक (जागेचे छोटे तुकडे) आता कुणाचे नाहीत, नवीन काही आलं तर इथं लिहा. युनिक्समध्ये तर या कामाला 'अनलिंक' म्हणतात. हजेरीपटावरून नाव कमी केलं, पोरगं अजून वर्गातच बसलंय. म्हणूनच रिकव्हरीवाले फाइल परत काढून देऊ शकतात. ती जागा अडकलेली होती, आता सुटली. म्हणजे मोकळी. रिकामी नव्हे.

मूळपुरुष
वा! आणि ज्यांना 'रिक्त', 'मुक्त' असं भारदस्त काहीतरी हवंय त्यांच्यासाठी: 'मोकळा' हा 'मुक्त'च्याच घरातला. मूळ धातू मुच्, प्राकृतात मुक्क, मुक्कल, मराठीत मोकळा. तेव्हा 'मोकळी' लिहिल्यानं संस्कृतचा काही अपमान होत नाही.

'रिकामा' मात्र मला कायम 'रिक्त' अधिक 'काम' वाटत आलाय. ज्याला काम नाही तो. रिकामटेकडा आठवा.

रफार
मग रिकामा डबा कुठल्या कामावरून सुटला?

मूळपुरुष
रफार, अर्थविस्तार नावाची गोष्ट असते. आणि शुद्धतेचा एवढा आग्रह असेल तर आधी 'जागा' सोडा, तो फारसीतून आलाय. 'साफ' अरबी. अर्धविरामांचा प्रोग्रॅम डिस्क 'साफ' करतो, तिथं तुम्ही गप्प बसलात.

रफार
मुरलेले शब्द वेगळे आणि कालपरवा घुसलेले वेगळे. हा भेद मी नेहमीच करत आलोय.

टिंब
मुरायला किती वर्षं लागतात? 'डिस्क'ला सांगून ठेवतो.

अनुस्वार
बाइटभर, तुमचं वर्णन फिरत्या हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडीत डिलीट केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम 'ट्रिम' नावाची सूचना पाठवते आणि मग ड्राइव्ह आपल्या सवडीनं ते भाग खरोखर पुसतो. पुसल्याशिवाय तिथं पुन्हा लिहिताच येत नाही. म्हणजे तिथं जागा अगदी शब्दशः रिकामी होते. तपासणाऱ्यांना हे ठाऊक असेल असं म्हणत नाही, पण शब्द बरोबर पडलाय.

बाइटभर
पुसते, पण नंतर. पडद्यावरचा आकडा त्याची वाट बघत नाही. फाइल सिस्टिमनं नोंद बदलली की आकडा वाढला. अर्धविरामांना त्या आकड्याला नाव द्यायचंय, चिपेच्या पोटातल्या स्थितीला नाही.

अर्धविराम
चर्चा छान चाललीय, पण 'अव्हेलेबल'चं बघा ना कुणीतरी. तिथंच खरं अडलंय.

बाइटभर
तो फरक बहुधा राखीव जागेचा असेल. लिनक्सवर एक्स्ट४ फाइल सिस्टिम तयार करताना ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, बाजूला ठेवले जातात, म्हणजे डिस्क तुडुंब झाली तरी यंत्रणेची कामं अडू नयेत. ते ब्लॉक मोकळे असतात, पण सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत. 'अव्हेलेबल' म्हणजे त्यातून तुमच्या वाट्याला येणारे. मी 'वापरता येण्याजोगी जागा' लिहीन. लांबलचक आहे, पण 'मोकळी' आणि 'उपलब्ध' शेजारी ठेवलेत तर नव्वद टक्के लोकांना ते समानार्थीच वाटणार.

टिंब
'हाती येणारी'? पगारासारखं. एकूण किती आणि हाती किती.

पानगळ
मध्येच विचारते, माफ करा. शब्द कुठलाही असो, माझी जागा रिकामीही होत नाही आणि मोकळीही होत नाही. मोठमोठे व्हिडिओ उडवले, सी ड्राइव्ह अजून लालच. आणि मुळात १ टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी का दाखवतो? बाकीची कुठल्या सदरात धरायची?

अनुस्वार
९३१ चं सोपं आहे. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. बाइट तेवढेच, काही गायब नाही. मॅक २००९ पासून हजारानंच मोजतो, तिथं तोच ड्राइव्ह १ टीबी दिसतो. १०२४ वाल्या मापासाठी १९९८ मध्येच 'गिबिबाइट' असा वेगळा शब्द काढला होता, विंडोजनं घेतला नाही. घ्या, शब्द पाडून तो न चालण्याचं दुखणं फक्त मराठीचं नाही.

बाइटभर
पानगळ, आधी रीसायकल बिन बघा. तिथं गेलेली फाइल नुसती हललेली असते, जागा अडवूनच बसते. मग सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून तात्पुरत्या फाइली काढा. तिथं 'विंडोजची आधीची आवृत्ती' अशी नोंद दिसली तर ती मोठ्या अपडेटनंतर मागं राहिलेली असते आणि बरेच जीबी खाते. काढलीत तर जुन्या आवृत्तीवर परतता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा. 'विनएसएक्सएस' फोल्डर अवाढव्य दिसेल, त्याला हातानं काही करू नका. हार्डलिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलची दोन ठिकाणी नावं असल्यामुळे, त्यातल्या बऱ्याच फाइली दोनदा मोजल्या जातात, खरा आकार कमी असतो.

रफार
'उडवले', 'काढा', 'खाते'. एकाच क्रियेला किती शब्द? 'डिलीट'साठी आधी एक ठरवा. विकिपीडियावर 'वगळा' आहे.

मूळपुरुष
वगळणं म्हणजे समाविष्ट न करणं. आधीपासून असलेलं कसं वगळणार?

टिंब
संघातून वगळतात की. आधी असतो म्हणूनच वगळतात.

मूळपुरुष
तिथं पुढच्या निवडीत धरत नाहीत, असा अर्थ आहे. 'पुसा' म्हणा.

बाइटभर
पुसलं जात नाही हेच तर वर सांगितलं!

पानगळ
बिन रिकामी केली, थोडा फरक पडला. आता 'हायबरफिल' नावाची एक लपलेली फाइल सापडलीय, रॅमच्या जवळजवळ निम्म्या आकाराची. वगळू, पुसू की उडवू?

बाइटभर
बिन 'रिकामी' केलीत, ते मात्र बरोबर बोललात. ती फाइल हायबरनेशनची आहे (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून यंत्र बंद करण्याची सोय), हातानं काढू नका. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजीच्या आदेशानं हायबरनेशनच बंद करा, फाइल आपोआप जाईल. झटपट सुरू होण्याची सोयही त्याबरोबर जाते.

अर्धविराम
तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. बटणावर 'जागा खाली करा' सुचवतायत.

टिंब
अजून किती खाली?

रफार
हिंदी आहे ते.

मूळपुरुष
अरबी आहे. आणि 'घर खाली करा' मराठीत कधीपासून चालतं. उद्या त्यालाही मुरलेलं म्हणाल.

रफार
'खाली'चं नंतर बघू. हायबरनेशनला 'सुप्तावस्था' का नको, हे बाइटभर यांनी आधी सांगावं.

बाइटभर
कारण मग 'स्लीप'ला काय म्हणणार?