पहिली कादंबरी: कुठे अडली, कशी सुटली?

माझी पहिली कादंबरी गेली तीन वर्षं चालू आहे. अकरा प्रकरणं झाली, सुमारे ४१,००० शब्द. बारावं प्रकरण पाच महिन्यांपासून सुरूच होत नाहीये.

कादंबरी कशी लिहावी याबद्दल पुष्कळ वाचून झालंय. आता तुमच्याकडून एवढंच ऐकायचंय की तुमची पहिली कादंबरी नेमकी कुठे अडली आणि कशामुळे सुटली. सुटली नसेल तर तेही लिहा. छापून आली की नाही याला इथे महत्त्व नाही. लेखन हा ज्यांचा व्यवसाय नाही, नोकरी आणि घर सांभाळून जे लिहितात, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

माझी अडचण आधी सांगते. माझ्या नायिकेला घर सोडून जायचंय. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तिची बॅग भरून तयार आहे, पण ती दारातून बाहेर पडत नाही. मी ढकलून बाहेर काढलं की ते पान खोटं वाटतं. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं.

* * *

माझी कादंबरी सुरू होण्याआधीच अडली. एक वर्ष दोन महिने मी फक्त आराखडा करत होतो. अमेरिकन लेखक रँडी इंगरमन्सन यांची स्नोफ्लेक पद्धत वाचली होती: आधी अख्खी कादंबरी एका वाक्यात मांडायची, त्या वाक्याचा परिच्छेद करायचा, परिच्छेदाचं पान, आणि असं वाढवत न्यायचं. पद्धत चांगली आहे, एका वाक्यात गोष्ट सांगता येते का हे बघताना माझं बरंच धुकं निवळलं. पण मी वाढवतच राहिलो. पात्रांच्या जन्मतारखा, त्यांच्या शाळा, घरांचे नकाशे. ८६ कार्डं झाली, एका प्रसंगाला एक. आणि लिहायला बसलो तर हात चालेना. सगळं आधीच घडून गेल्यासारखं वाटत होतं.

कार्डं पुन्हा वाचली तेव्हा कारण दिसलं. प्रत्येक कार्डावर घटना होती: ‘बदलीची ऑर्डर येते’, ‘दोघं भांडतात’, ‘पत्र सापडतं’. ती घटना कुणाला कशासाठी हवी होती, हे एकाही कार्डावर नव्हतं. मग प्रत्येक कार्ड उलटं करून मागे दोनच ओळी लिहायच्या ठरवल्या: या प्रसंगात कुणाला काय हवंय आणि ते त्याला का मिळत नाहीये. ८६ पैकी ३१ कार्डांच्या मागे मला काहीच लिहिता आलं नाही. ती काढून टाकली. उरलेल्यांतली फक्त पुढची पाच टेबलावर ठेवायची, बाकीची कपाटात. तिथून लेखन सुरू झालं. शेवट आता आराखड्यातल्यापेक्षा वेगळा झालाय, आणि त्याचा मला आनंद आहे.

* * *

माझं अगदी उलट. आराखडा शून्य. नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द लिहायचा उपक्रम होता ना, १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेला, त्याच्या हिशोबाने मी एकटीनेच लिहिलं. रोज १,६६७ शब्द. तीस दिवसांत खरंच पूर्ण केले आणि त्या रात्री फार रडले. इतकं सलग काही मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी वाचायला घेतलं तेव्हा कळलं की गोष्ट सातव्या प्रकरणात सुरू होते. पहिल्या सहांत माझीच पात्रांशी ओळख चालली होती. कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी काय नातं, सगळं मी स्वतःला समजावून सांगत होते. सहा प्रकरणं काढायची म्हणजे जवळजवळ १७,००० शब्द. आठवडाभर मी ती फाइल उघडली नाही.

तेव्हा अमेरिकन लेखिका हार्पर ली यांची हकीकत आधाराला आली. १९६० साली आलेल्या त्यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीचा पहिला खर्डा अगदी वेगळा होता. त्यात नायिका मोठी झालेली आहे आणि गावी परत आलीय. संपादिकेला त्यातले बालपणाचे प्रसंग जास्त जिवंत वाटले, आणि ली यांनी त्या काळात जाऊन नव्याने कादंबरी लिहिली. पहिला खर्डा पुढे २०१५ साली पुस्तक म्हणून आला, म्हणून ही वाट आपल्याला दिसते तरी. मी सहा प्रकरणं कापली, पण पुसली नाहीत. वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत. त्यातली आजीच्या ट्रंकेची दीड पानं पुढे चौदाव्या प्रकरणात चपखल बसली.

* * *

थोडक्यात लिहितो. माझी कादंबरी तारखांवर अडली. एका पात्राचं गरोदरपण तेरा महिने चाललं होतं, हे बहिणीने वाचताना दाखवलं. तिथून मागे गेलो तर पन्नासेक पानं सैल झाली. आता भिंतीवर कॅलेंडर आहे, प्रत्येक प्रसंगाला वार, महिना आणि पात्रांची वयं. सुधा, सुमन, सुनंदा आणि सुलभा अशा चौघी एकाच घरात होत्या, त्यांतल्या तिघींची नावंही बदलली. वाचणाऱ्याला पहिल्या अक्षरावरून माणूस ओळखायची सवय असते.

* * *

मी परिचारिका आहे, पाळ्यांची नोकरी. माझं अडणं वेळेचं होतं. सलग दोन तास मिळाले तरच लिहीन असं धरून बसले आणि वर्षभरात दोन प्रकरणं झाली. मग ॲन्थनी ट्रोलॉप या इंग्लिश कादंबरीकाराबद्दल वाचलं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे लिहायचे, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. तो वेग मला जमणार नाही, पण हिशोब मनात राहिला. आठवड्यात चार दिवस, दर वेळी ३०० शब्द धरले तर पन्नास आठवड्यांत ६०,००० होतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

छोट्या वेळेची खरी अडचण अशी की निम्मा वेळ ‘काल कुठे होतो’ हे शोधण्यात जातो. त्यावर एकच उपाय लागू पडला. पुढचं वाक्य मनात तयार असताना थांबायचं. कधी कधी वाक्य अर्ध्यावर सोडते. ड्यूटीवर दिवसभर ते वाक्य सोबत असतं आणि घरी आले की आधी ते पूर्ण करते. रात्रपाळीनंतर मात्र लिहीत नाही. तेव्हाचं लेखन मला तीनदा पूर्ण टाकावं लागलंय.

* * *

माझी सुटली नाही. २७,००० शब्दांवर थांबली, त्याला चार वर्षं झाली. तिसरं प्रकरण झाल्यावर मी ती जवळच्या मित्राला वाचायला दिली. तो म्हणाला, छान आहे, पुढे काय होतं? मी अख्खी गोष्ट त्याला तोंडी सांगितली, दोन तास. सांगून झाल्यावर लिहायची ओढच राहिली नाही. मित्राचा यात काही दोष नाही. फाइल अजून आहे, अधूनमधून उघडतो.

* * *

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला.

माझी कादंबरी माझ्या वडिलांवर होती. नाव वेगळं, व्यवसाय वेगळा, पण माणूस तोच. प्रथमपुरुषी निवेदन, मुलगा सांगतोय. शंभर पानं झाली आणि बायकोने वाचून एवढंच म्हटलं, ‘यात सगळे तुझ्या बाजूने बोलतात.’ मला राग आला. मग पुन्हा वाचलं. प्रत्येक प्रसंगात वडील चुकत होते आणि मुलगा सहन करत होता. मी कादंबरी लिहीत नव्हतो, फिर्याद लिहीत होतो. वाचणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक होता.

मग एक काम केलं जे कादंबरीत जाणारच नव्हतं. वडिलांच्या बाजूने तीन पानं लिहिली, त्यांच्या ‘मी’मध्ये. ज्या दिवशी त्यांनी मला घराबाहेर उभं केलं होतं, तोच दिवस. पहिलं पान अवघड गेलं, तिसऱ्या पानावर मला कळलं की त्या संध्याकाळी ते सतत खिडकीपाशी येऊन बघत असणार. हे खरं घडलं का, मला माहीत नाही. विचारायला ते आता नाहीत. पण त्या पात्राच्या बाबतीत ते खरं आहे, एवढं नक्की.

त्यानंतर सगळी कादंबरी तृतीयपुरुषी केली. ‘मी’चा ‘तो’ करणं म्हणजे फक्त क्रियापदं बदलणं असं वाटलं होतं. पण ‘मी’ जे जे ठामपणे म्हणत होता ते ‘तो’च्या तोंडी गेल्यावर तपासून बघावं लागलं. बरंच गळून पडलं. आठ महिने गेले यात. आईला अजून वाचायला दिलेली नाही. देईन.

* * *

माझ्या दोन लहान सूचना. पहिला खर्डा झाला की किमान सहा आठवडे बंद ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. माझी सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात हे मला तेव्हाच ऐकू आलं: शेतकरी, वकील, दहा वर्षांची मुलगी, सगळे पूर्ण वाक्यं आणि सारखीच प्रमाणभाषा. बोलणाऱ्याचं नाव झाकून संवाद वाचायचे, ओळखू आलं नाही तर पुन्हा लिहायचे. आणि टंकन सुरुवातीपासून युनिकोडमध्ये करा. मी जुन्या फाँटमध्ये केलं होतं. बदलताना रफार आणि जोडाक्षरं विस्कटली आणि मुद्रितशोधनाला दीड महिना जास्त लागला.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकीपाशी येणाऱ्या वडिलांचा अनुभव मी रात्री तीनदा वाचला आणि मग माझं अकरावं प्रकरण काढलं. नायिका बॅग भरत असताना तिचा धाकटा भाऊ दारात उभा आहे. हे मीच लिहिलंय, एका ओळीत, आणि पुढे त्याला विसरून गेले. दारातून बाहेर पडायचं तर तिला त्याच्या शेजारून जावं लागणार. चारही वेळा मी तिला रिकाम्या दारातून काढत होते.

काल त्याच्या बाजूने दोन पानं लिहिली, त्याच्या ‘मी’मध्ये. तो नऊ वर्षांचा आहे. तिच्या बॅगेत त्याने आपली कंपासपेटी ठेवलीय आणि ती तिला सापडू नये असं त्याला वाटतंय, निदान गाडी सुटेपर्यंत तरी. ती पानं कादंबरीत जाणार नाहीत, कंपासपेटी जाईल. बारावं प्रकरण आज पहाटे सुरू झालं. ३४० शब्द झालेत, आणि शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडलंय.