'संरक्षित स्मारक': स्मारक कुणाचं?

कऱ्हाडकर
मंडळी, एका शब्दावर अडलोय. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरावरची बौद्ध लेणी बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी दोन पानी माहितीपत्रक लिहितोय. त्यात वाक्य आहे : 'या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते.' डोंगराजवळच्या जखिणवाडीच्या एका आजोबांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "स्मारक कुणाचं? हितं कोण गेलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडं स्मारक म्हटलं की प्रीतिसंगमावरची यशवंतरावांची समाधी डोळ्यांपुढं येते. लेणी तर भिक्खूंना राहायला कोरलेली. पत्रकात पुढं कऱ्हाडातली मनोऱ्यांची मशीद आणि सज्जनगडाजवळच्या परळीची जुनी देवळंही आहेत. लेणं, मशीद, देऊळ तिन्हींना चालेल आणि आजोबांनाही कळेल असा शब्द हवाय.

वाईची लेक
'वास्तू' म्हणा की. पुरातन वास्तू. आमच्या वाईत ढोल्या गणपतीलाही म्हणतात, मेणवलीच्या वाड्यालाही.

कऱ्हाडकर
ताई, देवळाला, वाड्याला चालेल. पण लेण्यात बांधलेलं काहीच नसतं, नको तो दगड काढून टाकलेला असतो. आणि गावात वास्तू म्हटलं की लोकांना वास्तुशांत आठवते.

सांगलीचे मास्तर
'स्मारक' बरोबरच आहे, सोडू नका. स्मृ धातूपासून आलेला शब्द, आठवण करून देणारं ते स्मारक. ती माणसाचीच असली पाहिजे असं कुठंय? काळाचीही असते. इंग्रजीतला 'मॉन्युमेंट'ही लॅटिनमधल्या 'आठवण देणे' अशाच अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. महाराष्ट्राच्या 1960च्या कायद्याच्या नावातही 'प्राचीन स्मारके' आहे. लोकांना अर्थ माहीत नसेल तर तो सांगावा, शब्द बदलू नये. तुम्ही पत्रकात 'गुहा' लिहिलं नाहीत याचा मात्र आनंद झाला. हल्ली जिथं तिथं 'बौद्ध गुहा' वाचतो. गुहा निसर्गाची, लेणं माणसाचं.

पाटणचा
आम्ही शाळेत असताना सहलीला 'लेण्या बघायला' जायचो. आमच्याकडं पाटणजवळ पण लेण्या आहेत. एक लेणी, दोन लेण्या. कधी कुणी अडवलं नाही.

सांगलीचे मास्तर
मी अडवतो. ते लेणं, ती लेणी. नपुंसकलिंगी शब्द आहे. भांडं-भांडी म्हणता, 'भांड्या घासल्या' म्हणता का?

पाटणचा
मास्तर, भांडं एकेकटं रोज हाताशी येतं म्हणून त्याचं एकवचन जिवंत राहिलं. लेणी कधी एकटी दिसतात का? आगाशिवला साठाच्या वर आहेत, शिरवळलाही एक नाही. कायम 'लेणी, लेणी' असंच कानावर पडतं, मग माणूस तेच एकवचन धरतो आणि गोळी-गोळ्या, वाडी-वाड्या तसं लेण्या करतो. याला चूक का म्हणायचं? भाषा अशीच वाढते. माझी आई लेण्याच म्हणायची आणि तिची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती.

वाईची लेक
मला वाटायचं लेणं म्हणजे दागिना. काजळ लेणं, सौभाग्याचं लेणं. डोंगरानं घातलेला दागिना म्हणून लेणं. आजोळी असंच सांगायचे.

नाशिकहून, मूळचा मिरजेचा
कल्पना फार सुंदर आहे, पण ते दोन वेगळे शब्द असावेत. डोंगरातलं लेणं संस्कृत 'लयन'वरून आलं, पाली-प्राकृतात 'लेण', म्हणजे आसऱ्याची जागा. देवकुलाचं देऊळ आणि राजकुलाचं राऊळ झालं, तसंच हे.

लिंगाचा वाद मात्र नाशिकच्या डोंगरात मिटतो. 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचा : 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो'. हे लेणं करवलं आणि या पोढ्या. 'इदं लेणं' वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अनुस्वारासकट आपलाच शब्द!

सांगलीचे मास्तर
नपुंसकलिंग! आणखी काय पुरावा हवा?

पाटणचा
1900 वर्षांपूर्वीचं व्याकरण आज लावायचं तर आपण सगळेच चुकीचं बोलतोय. त्या ओळीतलं 'कारितं' तरी आपण कुठं ठेवलंय? आणि मिरजेच्या मित्रा, तुमच्याकडं गावदेवाच्या जत्रेलाही उरूस म्हणतात ना? उर्स म्हणजे अरबीत लग्न, पिराचं देवाशी मीलन. मग ग्रामदैवताचा उरूस चूक ठरवणार का?

नाशिकहून, मूळचा मिरजेचा
नाही ठरवणार. मीरासाहेबांच्या उरुसात वाढलोय. आमच्या मामाच्या गावी म्हसोबाचाही उरूसच असायचा आणि तो शब्द तिथं कुणाला परका वाटला नाही. मनोरा तरी कुठून आला? अरबी 'मनार'पासून. कऱ्हाडात आता तो घरचाच झालाय.

कऱ्हाडकर
चर्चा वाचून खूप शिकलो, पण माझं वाक्य तिथंच आहे. काल परत वर गेलो होतो. आजोबांनाच विचारलं, तुम्ही काय म्हणाल? ते म्हणाले, "सरकारनं राखलेली लेणी म्हण. रान राखतो तसं." मला पटलं. 'राखलेली लेणी, राखलेली मशीद, राखलेलं देऊळ.' एका नामाचा हट्टच नको.

सांगलीचे मास्तर
राखलेली म्हणजे राखीव वाटेल. राखीव जागा, राखीव जंगल. मुलांचा गोंधळ होईल. कायद्यातला शब्द 'संरक्षित' आहे, तो मुलांना कधीतरी शिकावाच लागेल.

वाईची लेक
राखण म्हटल्यावर कोणतं मूल गोंधळेल, मास्तर? आमच्याकडं ज्वारीला राखण असते. मला तर आजोबांचा शब्द फार आवडला.

पाटणचा
त्या लेखातली 'पोढी' म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही.

नाशिकहून, मूळचा मिरजेचा
पाण्याचं टाकं. लेण्याशेजारी खडकात खोदलेलं. जुन्नरच्या लेखांतही हा शब्द येतो.

पाटणचा
म्हणजे 'लेणं' टिकलं आणि 'पोढी' गेली. टाकी तर आगाशिवला अजून आहेत, गडांवरही आहेत. वस्तू आहे आणि शब्द नाही, हे कसं झालं? कऱ्हाडकर, पुढच्या वेळी वर गेलात की आजोबांना त्या टाक्यांना काय म्हणतात तेवढं विचारा. टाकंच म्हणतात की आणखी काही?