इटालियन मटार-पान्चेता: मटार शेवाळी, बेकन चिवट आणि सगळंच खारट

कोथिंबीर_जुडी
'पिझेल्ली कोन ला पान्चेता' दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा फसले. चार जणांसाठी घेतलेलं प्रमाण असं: फ्रोझन मटार ४०० ग्रॅम, पाकिटातलं स्मोक्ड बेकन १५० ग्रॅम (पान्चेता, म्हणजे इटालियन खारवलेलं डुकराचं मांस, मिळाला नाही), मध्यम कांदा १, व्हाइट वाइन अर्धा कप, ऑलिव्ह तेल २ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. कढई कडक तापवून तेलात बेकन टाकलं, लगेच कांदा, मग मटार आणि वाइन एकत्र, वर झाकण, १५ मिनिटं. मटार शेवाळी रंगाचे आणि सुरकुतलेले झाले. बेकनच्या कडा काळ्या, मधे रबर. खारटपणा तर विचारू नका. नेमकं काय बदलू? आणि बेकनऐवजी गोव्याचं चोरीस (मसालेदार डुकराचं सॉसेज) चालेल का?

मंद_आच
क्रम उलटा झालाय, सामानात फारसं चुकलेलं नाही. बेकनपासून सुरुवात करू.

खारवलेल्या मांसात निम्मी करामत चरबीची असते आणि ती वितळायला वेळ लागतो. तापलेल्या कढईत पडताक्षणी मांसाचा भाग आकसतो, कडा करपतात, चरबी मात्र आत तशीच पांढरी राहते. तेच तुमचं रबर. म्हणून गार पॅनमध्ये तुकडे पसरायचे, मग गॅस लावायचा, तोही मंद. पान्चेता असेल तर १ सेंटिमीटरच्या फोडी, तेल फक्त १ छोटा चमचा, चिकटू नये एवढ्यापुरतं. ८ ते १० मिनिटांत चरबी काचेसारखी पारदर्शक होते, मग कडा सोनेरी होऊ लागतात. तिथेच थांबा. पूर्ण कुरकुरीत करू नका, पुढे अजून शिजायचंच आहे.

फोडी झाऱ्याने काढून ठेवा. पॅनमध्ये दीड-दोन मोठे चमचे चरबी राहू द्या, जास्त असेल तर वाटीत काढा (दुसऱ्या दिवशी बटाटे परतायला उत्तम). त्यात लहान कांदा, साधारण ८० ग्रॅम, बारीक चिरून ५-६ मिनिटं, रंग न येऊ देता. आपल्या रश्शासारखा लाल करायचा नाही, गोड झाला की पुरे.

आता वाइन. अर्धा कप खूप झाली, ५० मिलिलिटर बस. ती मटारच्या आधी घालून मोठ्या आचेवर जवळजवळ कोरडी होऊ द्या. आम्लात शिजले की मटारच्या हिरव्या रंगद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. झाकणाने त्यात भर पडते, कारण भाजीतून उडून जाणारं आम्ल वाफेबरोबर परत खाली येतं. वाइन नसली तरी बिघडत नाही, पाणी घाला.

मग मटार आणि ८० मिलिलिटर उकळतं पाणी. फ्रोझन मटार कारखान्यात उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, म्हणजे अर्धे शिजूनच तुमच्याकडे येतात. १५ मिनिटं कशाला? झाकण न ठेवता मोठ्या आचेवर ४ मिनिटं, फार तर ५. पाणी आटून तळाशी चमकदार रस उरला की फोडी परत घाला, मिरपूड, चिरलेली पार्सली, गॅस बंद.

हिरवा रंग टिकावा म्हणून सोड्याची चिमूट टाकायचा मोह होईल. टाकू नका, सालं गळून लगदा होतो.

खारं_वारं
खारटपणाबद्दल. पान्चेता म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस, मीठ-मिरी चोळून मुरवलेलं, बहुतेक वेळा धूर न दिलेलं. ग्वान्चाले म्हणजे गालाचं मांस, त्यात चरबी आणखी जास्त, म्हणून ७० ग्रॅम पुरतं आणि तेल अजिबात लागत नाही. बेकनही बहुतेक वेळा पोटाचंच, पण सहसा धुरावलेलं. तो धूर कोवळ्या मटारची गोडी पार झाकतो.

बेकनच वापरायचं असेल तर १०० ग्रॅमवर या. पट्ट्या कापून उकळत्या पाण्यात १ मिनिट, निथळून कागदाने कोरड्या करा. मीठ आणि धूर दोन्ही उतरतात. स्वस्त पाकिटातल्या बेकनमध्ये खारं पाणी टोचलेलं असतं. पॅनमध्ये पांढरट फेस आला तर ते परतलं जात नसून उकळतंय असं समजा. फेस आटून मोठी तडतड थांबते आणि बारीक चुरचुर सुरू होते, खरं परतणं तिथून पुढे. घाईत आच वाढवली की करपतं.

मीठ वरून घालायचंच नाही. शेवटी चार दाणे चाखा, लागलं तर चिमूट. झालेलं खारट सुधारायला साखर घालू नका, तेवढेच बिनमिठाचे मटार वाढवा.

प्रोशुत्तो मिळाला तर त्याचा हिशेब निराळा. पार्माच्या प्रोशुत्तोत डुकराची मागची तंगडी आणि समुद्री मीठ, एवढंच असतं. पातळ काप परतले की कागदासारखे कडक आणि दुप्पट खारट लागतात. ६० ग्रॅमच्या पट्ट्या गॅस बंद केल्यावर मिसळा. कांद्यासाठी मग लोणी किंवा ऑलिव्ह तेल.

शेंगदाणा_कूट
शेवाळी रंगाला सरसकट चूक म्हणू नये. रोममध्ये हा वसंतातल्या ताज्या मटारचा पदार्थ आणि घरोघरी तो मऊ, मंद शिजवलेलाच करतात. रंग उतरतो पण चव मुरते. फ्रोझनला ते मानवत नाही, एवढंच.

ताजे घेणार असाल तर शेंगांसकट १ किलो, सोलून साधारण ४०० ग्रॅम दाणे निघतात. तोडल्यापासून मटारमधल्या साखरेचा पिष्ट व्हायला लागतो, म्हणून बाजारातून आणलेल्या दिवशीच करा. कोवळे ८-१० मिनिटं, टपोरे जून १५-२०, आणि जून असतील तर पाणी दीड कप, अर्धा चमचा साखर. इथे झाकण अर्धवट ठेवलं तरी चालतं. शेंगांची स्वच्छ सालं २० मिनिटं उकळून ते पाणी वापरलंत तर फरक जिभेला कळतो.

चोरीस नको. त्यात व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, मसाले. व्हिनेगरने मटार तसेच शेवाळी होणार आणि चव मसाल्याचीच लागणार. पावाबरोबर कांदा-चोरीस झकास, पण ते वेगळं खाणं आहे.

कोथिंबीर_जुडी
आभार. मटार आधी बाहेर काढून ठेवायचे की थेट? आणि याच पद्धतीने दुसरी कुठली भाजी?

मंद_आच
थेट. वितळू दिले की पाणी सुटून सालं सुरकुततात. पुडा हलवून बर्फाचा चुरा मात्र झटका. २८ सेंटिमीटरचा पसरट पॅन घ्या, मटार एका थरात मावले पाहिजेत. खोल कढईत खालचे गळतात, वरचे थंडच.

फरसबी आधी खारवलेल्या उकळत्या पाण्यात ५-६ मिनिटं, मग कांद्यावर. ब्रसेल्स स्प्राउट्स (इवल्याशा कोबीसारखे गड्डे) अर्धे कापून, कापलेली बाजू खाली ठेवून त्याच चरबीत ४ मिनिटं न हलवता, मग थोडं पाणी. तिथे स्मोक्ड बेकन उलट शोभतं, कारण भाजीच कडवट आहे.

क्रीम कशातच घालू नका. पुष्कळ ठिकाणी दिसतं, पण मग ती बाजूची भाजी राहत नाही, सॉस होतो.

खारं_वारं
वाढताना कोमट. गार झालं की चरबी गोठून दाण्यांवर पांढरी साय धरते. उरलं तर २ चमचे पाणी घालून पॅनमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मटार फुटतात.