जातीवरची डॉक्युमेंटरी नक्की कोणासाठी असते?

विक्रोळी_स्लो:
स्पष्टच लिहितो. जातीभेदावरच्या डॉक्युमेंटरी ज्यांनी बघायला पाहिजेत ते बघत नाहीत आणि ज्यांनी भोगलंय त्यांना त्यात नवीन काही नसतं. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' घ्या. ११ जुलै १९९७, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी (एसआरपी) गोळ्या झाडल्या, १० जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. त्यावर १४ वर्षं शूटिंग झालं, फिल्मचं कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. आणि गोळीबाराच्या केसमधल्या फौजदाराला २००९ ला जन्मठेप झाली तरी पुढे जामीन मिळाला. मग फिल्मने केलं काय? हॉलमध्ये डोळे पुसणारी माणसंच भाडेकरूला आधी आडनाव विचारतात.

निळी_शाई:
जय भीम. अजिबात पटलं नाही. टँकरचा भाग विसरलात का? पोलीस म्हणत होते जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, त्याचा व्हिडिओ पण पुढे केला होता. फिल्ममध्ये ते फुटेज घेऊन टँकर कुठे होते आणि माणसं कुठे पडली हे एकेक करून दाखवलंय, बघताना अंगावर काटा येतो. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगानेही टँकरची गोष्ट मानली नाही, पण आयोगाचा रिपोर्ट वाचलाय कोणी? उद्या कोणी म्हणालं की दंगलखोर होते म्हणून मेले, तर मी त्याला रिपोर्ट देणार नाही, हा भाग लावून देईन.

कोथरूडकर८२:
मला वेगळंच वाटतं. सारखं सारखं हेच दाखवून जात पुसली जाण्याऐवजी जास्त पक्की होते. माझ्या मुलांना मित्रांच्या जाती माहीत नाहीत, त्यांना हे कशाला दाखवायचं? मनापासून विचारतोय.

निळी_शाई:
दादा, तुमच्या मुलांना माहीत नाही कारण त्यांना कोणी विचारत नाही. ज्याला विचारतात त्याला पहिलीपासून माहीत असतं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात येणाऱ्या गर्दीबद्दल आसपासची शिकली सवरलेली माणसं काय बोलतात ते याच फिल्ममध्ये आहे. ती माणसं पण म्हणतील की आम्ही जात मानत नाही.

तळेगावची_लेक:
तुम्ही तिघं बोलताय पण कॅमेरा कोणाच्या हातात आहे हे कोणीच विचारत नाहीये. पटवर्धनांबद्दल आदर आहेच, पण सोमनाथ वाघमारेंची 'चैत्यभूमी' बघा, तिथली गर्दी आपली माणसं म्हणून येते, दुःख दाखवायला आणलेली नाही. तिथे गाणी आहेत, पुस्तकांचे स्टॉल आहेत. उलटं उदाहरण पण आहे, दलित आणि इतर ग्रामीण बायका चालवतात त्या 'खबर लहरिया' या बातम्यांच्या माध्यमावरची 'रायटिंग विथ फायर' ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली आणि २०२२ मध्ये खुद्द खबर लहरियानेच सांगितलं की फिल्ममधलं चित्र अपुरं आहे, आमचं काम त्यापेक्षा मोठं आहे. ज्यांच्यावर फिल्म बनते त्यांना एडिटिंगच्या टेबलावर खुर्ची मिळत नाही तोवर मी तरी टाळ्या वाजवणार नाही.

विक्रोळी_स्लो:
ताईंशी सहमत, पण माझा मुद्दा तसाच राहतो. तामिळनाडूत दिव्या भारतींनी 'कक्कूस' बनवली, हाताने मैला उचलणाऱ्यांवर, २०१७ ला यूट्यूबवर टाकली, फुकट. मैला उचलायला लावणं बंद करणारा कायदा २०१३ चा. गटारात माणसं अजून मरतायत.

निळी_शाई:
आणि त्या फिल्मचं काय झालं ते पण लिहा ना! स्क्रीनिंग अडवली, दिव्या भारतींवर केसेस झाल्या, जुनी केस काढून अटक पण केली. फिल्मने काहीच होत नसतं तर एवढा त्रास कोणी घेतला असता का? गटारातले मृत्यू थांबवणं महापालिकेचं आणि ठेकेदाराचं काम आहे, ते फिल्मवाल्यांच्या खात्यावर टाकू नका.

भायखळा_बीआयटी:
"कौतुक झालं, बक्षिसं मिळाली" लिहिणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की 'जय भीम कॉम्रेड' आमच्या बीआयटी चाळीत उघड्यावर पडदा लावून दाखवली होती. ज्यांनी भोगलंय त्यांना नवीन काही नसतं म्हणता, पण आपल्या शाहिराचं गाणं एवढ्या मोठ्या पडद्यावर ऐकणं नवीन नाही का? पोलीस खोटं बोलले हे सगळ्या चाळीने एकत्र बसून बघणं नवीन नाही का?

विक्रोळी_स्लो:
चाळीत दाखवली हे चांगलंच झालं, त्यावर वाद नाही. मी टॉवरबद्दल बोलतोय. सोसायटीच्या गणपतीत पडदा लागतो, तिथे लावून दाखवा.

तळेगावची_लेक:
आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी विचारलं होतं. "सणासुदीला राजकारण नको" म्हणाले. या वर्षी परत अर्ज देणार आहे, लेखी, सह्यांसकट. नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी द्या म्हणणार.