विषय: कोन दाओ – मध्यरात्रीचे दर्शन ठेवावे की वगळावे?

काका, सादर नमस्कार.

व्हिएतनामच्या सहलीत कोन दाओ बेटासाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत. तेथील दफनभूमीत लोक मध्यरात्री दर्शनाला जातात, हे कळल्यापासून काही पालक बिचकले आहेत. आपण तेथे जाऊन आला आहात, म्हणून विचारते. तेवढा भाग वगळून केवळ तुरुंग पाहिला तर चालेल का?

*

ताई, स. न. वि. वि.

माझ्या मते वगळू नये. तुरुंग १८६२ मध्ये फ्रेंचांनी सुरू केला, त्यांच्यानंतर दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने चालवला आणि तो १९७५ मध्ये बंद झाला. तेथे सुमारे वीस हजार कैदी मेले असे मानतात, आणि हांग झुओंगच्या दफनभूमीतील बहुतेक थडग्यांवर नावसुद्धा नाही. ‘वाघाचे पिंजरे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोठड्यांना वरून छताऐवजी गज आहेत. अंदमानात मधल्या मनोऱ्यावरून पहारा असे. येथे पहारेकरी कैद्यांच्या डोक्यावरूनच चालत आणि वरून बांबू खुपसत, चुना टाकत. सुटलेल्या कैद्याने काढून दिलेल्या नकाशावरून अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी जुलै १९७० मध्ये ते शोधून काढले, तोपर्यंत ते बाहेरच्या जगापासून लपवलेलेच होते.

व्हो थी साऊ ही फ्रेंचांविरुद्ध लढणारी, विशीही न गाठलेली मुलगी. २३ जानेवारी १९५२ रोजी तिला या बेटावर गोळ्या घालण्यात आल्या. आज लोक तिला देवीसारखे मानतात आणि रात्री तिच्या थडग्यावर पांढरी फुले, फणी आणि आरसा वाहतात. ती फणी पाहून मला आपल्या देवीच्या ओटीतला फणी-करंडा आठवला, आणि मुलांना तेथे भीती वाटेल ही शंका माझ्यापुरती तरी मिटली. उदबत्त्यांचा धूर, हलक्या आवाजातली प्रार्थना आणि कडेवर झोपलेली लेकरे, असे तेथील वातावरण असते. भीती वाटते ती दिवसा, पिंजऱ्यांपाशी; फार लहान मुलांना कोठे न्यायचे टाळायचेच असेल, तर तेथे टाळावे.

आन सोन मंदिरही पाहावे. फ्रेंचांची मदत घेऊ नका असे सांगितल्यामुळे न्युएन आन्ह या राजाने आपल्या फी येन नावाच्या पत्नीला कोंडून घातले, अशी कथा तेथे सांगतात. ती दंतकथाच आहे, पण नेमक्या याच बेटावर फ्रेंचांनी पुढे तुरुंग बांधला, हे ध्यानात ठेवून ऐकावी.

*

काका, आभारी आहे. पहिल्या दिवशी सकाळी तुरुंग, त्याच रात्री दफनभूमी आणि दुसऱ्या दिवशी मंदिर असा क्रम लावते. फुले आणि फण्या येथूनच न्याव्यात का?

*

ताई, नको. तेथील बाजारात सगळे मिळते. मात्र खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सर्वांना घ्यायला सांगा, आणि बोटीने जाणार असाल तर हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्याचे महिने टाळा. तेव्हा समुद्र फार खवळलेला असतो.