नाटकात अचानक ठो! आईला परत घेऊन जाऊ की नको?

मीनल_पार्ले:
रविवारी आईला (वय ७६, दोन्ही कानांना मशीन) ४ च्या प्रयोगाला घेऊन गेले होते. रहस्यनाटक, नाव सांगत नाही कारण नाटक खरंच चांगलं होतं, उगाच त्यांच्या बुकिंगवर परिणाम नको. पहिला अंक मस्त गेला, मध्यंतरात वडा आणि चहा, आई एकदम खूश. दुसरा अंक सुरू झाला, स्टेजवर जवळजवळ काळोख, नायिका फोनजवळ उभी, थिएटरात कुणी खोकतपण नाहीये आणि एकदम ठो करून गोळी! म्हणजे सीटखाली सुतळी बॉम्ब फुटावा तशी. सगळं थिएटर दचकलं, मग लोक हसले, आपलं आपल्यालाच हसू येतं ना तसं. आई नाही हसली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घरी आले तरी बांगडीचा वळ दिसत होता. मग तिने हळूच दोन्ही कानांतली मशीनं काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. पुढचा पाऊण तास नुसती बघत बसली. खुनी कोण ते मी तिला रिक्षात सांगितलं.

तर एवढा मोठा आवाज लागतोच का? आणि नाटक सेन्सॉर होतं ना, मग याला काही नियम नाही का? पुढच्या वेळी काय काळजी घेऊ तेही सांगा, कारण नाटकं बघणं सोडायची तिची अजिबात तयारी नाही.

रांग_अ:
रहस्यनाटकात दचकायचं नाही तर काय कीर्तनाला जाऊन दचकायचं का ताई? मी तर त्याचेच पैसे देतो. आज म्हणाल गोळीची पाटी लावा, उद्या म्हणाल खुनी कोण तेही तिकिटावर छापा. त्यापेक्षा ऐन प्रसंगात ज्यांचे मोबाईल वाजतात त्यांच्यावर धागा काढा, मी येतो भांडायला.

विंगेतला:
बारातेरा वर्षं नाटकांना म्युझिक ऑपरेट केलंय त्यामुळे थोडं लांबण लावतो. आधी सेन्सॉरचं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, पण ते संहिता वाचून प्रमाणपत्र देतं. संहितेत "गोळीचा आवाज" एवढंच लिहिलेलं असतं, केवढा ते कोण वाचणार.

आता आवाज मोठा का होतो. आदल्या नाटकाचा सेट निघतोय, आमचा टेम्पो मागे उभा, सेट लागेपर्यंत लोक दारात. साऊंड चेकला मिळाली तर दहा मिनिटं मिळतात, तीही रिकाम्या थिएटरात. रिकाम्या थिएटरात आवाज घुमतो आणि भरलेल्या थिएटरात माणसंच आवाज खातात, म्हणून आपण अंदाजाने थोडं वर ठेवतो. त्यात आज दादर, उद्या बोरिवली, परवा ठाणे, प्रत्येक ठिकाणचे स्पीकर वेगळे. मी विंगेत बसायचो, तिथून पुढच्या रांगेला काय ऐकू येतंय ते कळतच नाही. आणि वर निर्माता सांगून गेलेला असतो, बाल्कनीच्या शेवटच्या माणसापर्यंत वाजलं पाहिजे. ऑपरेटरला खरी भीती मोठ्या आवाजाची नसतेच हो, गोळी बारीक वाजली आणि लोक फिस्सकन हसले तर नटाचा अख्खा सीन गेला, ती असते. म्हणून सगळे फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) जरा पुढेच ढकलतात, मीपण ढकलायचो.

पण एकदा गंमत झाली. आमच्या नाटकात दार आपटल्याचा आवाज होता, त्या दिवशी एका बाजूचा स्पीकर मेला, आता वाट लागली म्हटलं. पण त्या दिवशी नटाने आधीचा पॉज नेहमीपेक्षा लांबवला, चांगला तीनचार सेकंद. आवाज निम्मा वाजला आणि लोक तेवढेच उडाले! दुसऱ्या प्रयोगाला स्पीकर दुरुस्त करून आला तरी मी लेव्हल खालीच ठेवली, दिग्दर्शकाला कळलंसुद्धा नाही. माणूस आवाजाने कमी आणि आधीच्या शांततेने जास्त दचकतो असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

कानसेन:
ऑडिओलॉजिस्ट आहे. विंगेतला यांचं बरोबर आहे. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया, डोक्याने विचार करायच्या आत, सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पापण्या मिटलेल्या असतात. आवाज किती झटकन चढतो यावर बरंच अवलंबून असतं, हळूहळू वाढणाऱ्या मोठ्या आवाजाला आपण तसे उडत नाही. आणि काळोखात माणूस जास्त दचकतो, म्हणजे नाटकवाल्यांनी नेमकं सगळं जुळवून आणलं होतं 😄

आईंचं वेगळं आहे. लोकांना वाटतं ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मोठा आवाज कमीच टोचणार. उलट असतं. वयाबरोबर आतला कान बिघडला की बारीक आवाज गायब होतात पण मोठे आवाज जसेच्या तसे मोठे लागतात, कधीकधी आपल्याहून जास्त. आम्ही याला रिक्रूटमेंट म्हणतो. मशीन मोठे आवाज दाबतं, पण काही मशीनांना दाबायला काही मिलिसेकंद लागतात आणि गोळी तेवढ्यात आत शिरते. मशीन जिथून घेतलं तिथे जाऊन "अचानक मोठे आवाज सहन होत नाहीत" असं स्पष्ट सांगा, कमाल आवाज खाली आणता येतो, बऱ्याच मशीनांत अशा आवाजांसाठी वेगळं सेटिंगही असतं. स्पीकरसमोरच्या कडेच्या सीट घेऊ नका, मधल्या आणि जरा मागच्या घ्या.

नियमाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीये पण ती १५ मिनिटांची सरासरी आहे. एक गोळी त्या सरासरीत कुठच्या कुठे विरून जाते.

माहीमची_माई:
रांग_अ, तुमचं वाचून राग नाही आला पण सांगावंसं वाटलं. माझे मिस्टर २००६ च्या ११ जुलैला त्या लोकलमध्ये होते, स्फोट झाला त्याच्या पुढच्या डब्यात. लागलं काही नाही. दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा ते ठीक असतात, कारण दिवाळी आहे हे माहीत असतं. पण चार वर्षांपूर्वी एका नाटकात असाच बार वाजला तर ते उठून बाहेर गेले, मी मागे धावले, बघते तर पार्किंगमध्ये एका स्कूटरला हात लावून उभे. म्हणाले घरी जाऊया, बस.

पुढे मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा तिने नाटकाची तिकिटं काढली. थिएटरच्या दारातच साधी पाटी, प्रयोगात बंदुकीचे आवाज आणि धूर आहे. ह्यांनी वाचली, मान हलवली आणि आत आले. गोळी वाजली तेव्हा दचकले, माझ्याकडे बघितलं आणि बसून राहिले. नाटक पूर्ण बघितलं. पाटीवर कुठल्या अंकात, कोण कुणाला, काहीच नव्हतं लिहिलेलं.

रांग_अ:
माई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. सॉरी. पाटी लावायला हरकत नाही. खुन्याचं नाव सोडून काय ते लिहा.

विंगेतला:
तिसऱ्या घंटेच्या आधी मोबाईल बंद करायचं सांगतोच की आपण, त्यातच एक वाक्य घालायचं. खर्च शून्य. जुन्या ग्रुपवर टाकतो, दोनतीन दिग्दर्शक आहेत तिथे. एक जण नक्की म्हणणार की सस्पेन्स जातो.

मीनल_पार्ले:
सगळ्यांना थँक्स. नाटकाच्या व्यवस्थापकांना फोन केला होता, बिचारे नीट बोलले पण "ताई, लोक तर हसतात" हेच दोनदा म्हणाले. मशीनची अपॉइंटमेंट शनिवारची घेतलीये. आईला अख्खा धागा वाचून दाखवला, माईंचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्याच नाटकाची परत तिकिटं काढ, मागची, मधली. मी म्हटलं अगं आता खुनी माहितीये तुला, परत काय बघणार? तर म्हणे, खुनी सांगितलास गं, पण तो फोन कुणाचा होता ते कुठे सांगितलंस?